खळ्यावरचे ब्लॉक

मी घर सोडलं ते मागच्या दाराने. पुढच्या दारासमोरचं खळं ओलं होतं. त्याच सकाळी त्यावर शेणाचा पहिला हात फिरला होता, आणि ओल्या खळ्यावर पाय ठेवायची आमच्या आळीत कोणाची टाप नसते. गाडी पुढे रस्त्यावर उभी होती. मी, नवरा आणि तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा अशी आमची वरात न्हाणीशेजारून, लाकडांच्या ढिगाला वळसा घालून, वाडीतल्या चिखलातून रस्त्याला लागली. एका बॅगेचं चाक तिथेच तुटलं. टोरांटोच्या विमानतळावर ती बॅग मी अक्षरशः फरफटत नेली.

आळीतल्या बायका खळ्याच्या कडेला ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले, त्यामुळे कोणी जवळ घेतलं नाही, कोणी गालावरून हात फिरवला नाही. आईही त्यांच्यातच होती. कोपराने पदर सारखा करत म्हणाली, "पोचलीस का फोन कर गं कल्पे. आन् तिकडं अंग चोरू नको." एवढंच. आईच्या गळ्यात पडायचं मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं. चौक गावचा नाका आला तेव्हा मला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं, चाकासाठी रडतेय.

याला बारा वर्षं झाली. जे गावात राहिले त्यांना खळं म्हणजे काय हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या मुलांनी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून सांगते. चौक आणि कर्जतच्या मधल्या आमच्या गावात घरासमोरच्या अंगणाला खळं म्हणतात. पूर्वी भाताची झोडणी तिथेच व्हायची. पावसाळ्यात त्याचं रान होतं. दिवाळी झाली की गवत उपटायचं, वरची माती कुदळीने उकरायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि मग लाकडी चोपणं हातात घेऊन, उकिडवं बसून, ती माती ठोकत ठोकत मागे सरकायचं. त्यावर शेणाचे दोन-तीन हात. चार दिवसांची मेहनत, आणि पुढच्या जूनमध्ये सगळी पाण्यात.

हे काम एका घराने करायचं नसतं. आमच्या आळीत सात घरं. सातही घरच्या बायका आज हिच्याकडे, मग तिच्याकडे, अशी पाळीपाळीने सगळी खळी करतात. याला सावड म्हणतात. तू माझ्याकडे जितके दिवस चोपलंस तितके दिवस मी तुझ्याकडे. कोणी कुठे लिहून ठेवत नाही आणि विसरतही नाही. मला लहानपणी या प्रकाराचा भयंकर कंटाळा होता. परीक्षा जवळ आलेली असायची, मी पुस्तक उघडून बसले की आई हाक मारायची, आणि मी तोंड वाकडं करून ओळीत जाऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी पेन धरताना बोटं दुखायची. शिकायचं आणि इथून बाहेर पडायचं, या माझ्या निश्चयात त्या चोपण्याचा वाटा मोठा आहे.

बाहेर पडले ती आधी कर्जतजवळच्या भिसेगावापर्यंतच. लग्नानंतर दोन वर्षं तिथे दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. ना कौलं, ना खळं, ना वाडी. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळायचं, पण ती भांडणं नवरा करायचा. मला वाटलं, सुटले एकदाची.

मग कॅनडा, आणि पाचव्या वर्षी टोरांटोपासून तासाभरावर स्वतःचं घर. पुढे लॉन, मागे बॅकयार्ड, बाजूला ड्राइव्हवे. फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. आमच्या शेजारच्या हिराकाकीचा लगेच व्हॉइस मेसेज आला, "बाय, दारात गवत लय वाढलंय गं. काढत का नाय?" आम्ही पोट धरून हसलो. ते हसू पहिल्या उन्हाळ्यापुरतं टिकलं. जन्मभर गवत उपटत आलेली मी आता ते वाढावं म्हणून खत घालत होते, आणि वाढलं की मोअर फिरवून कापत होते. मध्येच पिवळी फुलं उगवली. मला ती छान वाटली, मुलीला घेऊन फोटोही काढले, नंतर कळलं की ते तण आहे आणि ते ठेवणं हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अपमान आहे. एकदा तीन आठवडे गावी जाऊन आलो तर दाराला नगरपालिकेची नोटीस. गवत ठरवून दिलेल्या उंचीच्या वर गेलं होतं. ऑक्टोबरात पानं गोळा करायची, नोव्हेंबरात छपराच्या पन्हळी साफ करायच्या, मग बर्फ उपसायचा, बर्फ वितळला की तळघरात कुठून पाणी येतंय ते शोधायचं. मागच्या डेकचं म्हणजे ओट्याचं लाकूड एक वर्षाआड रंगवलं नाही तर कुजतं. हे सगळं करायला माणसं आम्ही दोन, आणि दोघांनाही नोकऱ्या.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. अतिशय सभ्य. त्यांच्या आणि आमच्या लॉनमध्ये कुंपण नाही, पण ते कापतात ते बरोब्बर हद्दीपर्यंत, त्यामुळे दोन घरांमधली रेघ गवतातच दिसते. एकदा मोअर फिरवता फिरवता मी त्यांचं दोन हात गवत जास्तीचं कापलं. संध्याकाळी ते दारात आले. आभार मानले, आणि मग जरा अवघडून विचारलं की आता मीसुद्धा तुमच्या बाजूचं कापावं अशी तुमची अपेक्षा आहे का. मी घाईघाईने नाही म्हटलं. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. पुढच्या आठवड्यात रेघ परत जागच्या जागी होती.

दर रविवारी आईला फोन करायचे. बाबा गेल्यापासून ती घरात एकटी. फोन उचलला की तक्रारी सुरू. "वांदरांनी आज नऊ कौलं फोडली गं." "माळ्याला वाळवी लागलीय." "खळ्याला भेगा गेल्यात, हिरी म्हणते माती चिकट नाय घेतली म्हणून." मी इकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. यंत्र बिघडलं की तक्रार नोंदवायची, माणूस येऊन दुरुस्त करून गेला की नोंद बंद करायची. इतकी वर्षं हे केल्यावर डोकंही तसंच चालायला लागतं. आईचं ऐकता ऐकता मी कागदावर यादी करायचे. कौलं, वाळवी, खळं. आई सत्तरीला आलेली, आणि दर दिवाळीनंतर तिने चार-चार दिवस उकिडवं बसून माती ठोकायची, हे मला इथे बसून बघवेना.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले तेव्हा यादी घेऊनच गेले. चौकला सादिकभाईंचं ब्लॉक आणि पत्र्यांचं दुकान आहे. बाबांची आणि त्यांची जुनी ओळख. ते घरी आले, पावलांनी खळं मोजलं, म्हणाले, "ब्लॉक काय ताई, तीन दिवसांत टाकून देतो. पण काकींना इचारलंत का?"

"आईसाठीच तर करतेय."

"ते हाय. पण खळं त्यांचं हाय ना."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तरी जाऊन आईला विचारलं. ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कर बाय तुझ्या मनासारकं. तुला तिकडं चैन पडत नसंल तर कर." मी याला होकार समजले.

कौलांच्या वर लोखंडी सांगाड्यावर निळा पत्रा चढला आणि खळ्यावर लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसले. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. हिराकाकी बघायला आली. खळ्यावर येताना आमच्याकडे चपला कडेला काढतात. ती कडेला थांबली, ब्लॉककडे बघितलं आणि म्हणाली, "आता चपला काढायच्या का नाय गं?" मी ऐटीत म्हणाले, "आता कशाला काढतेस? ये तशीच." ती चपला घालून आत आली, सगळं फिरून बघितलं, चांगलं केलंस म्हणाली आणि चहा न घेताच गेली. मी फोटो काढून कॅनडातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, मेंटेनन्स-फ्री. माझ्या लॉनवाल्या मैत्रिणींचे हेव्याचे निरोप आले.

परत आल्यावर रविवारचे फोन लहान झाले. कौलं फुटत नव्हती, भेगा जात नव्हत्या. "बरी आहेस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवले." चार मिनिटांत आम्ही संपत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट समाधान वाटलं. तक्रार नाही म्हणजे काम झालं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आई आपण होऊन म्हणाली, "कल्पे, तू मला तिकडं न्यायचं म्हणत होतीस ना? ने आता."

दहा वर्षं मी तिच्या मागे लागले होते. दरवेळी तिचं काही ना काही निघायचं. मी फोनवरच ओरडले, "खरंच येतेस?"

"व्हय. हितं तरी आता काय काम उरलंय माजं?"

त्यातलं मी फक्त 'व्हय' ऐकलं. तळघरातली खोली रंगवायला घेतली, व्हिसाचे अर्ज भरायला बसले. आईच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. त्यासाठी खालापूरच्या तहसील कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं होतं. ती एसटीने एकटी गेली, साहेब नाहीत म्हणून परत आली, दुसऱ्यांदा गेली आणि काम करून आली. या दोन खेपांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. एरवी खालापूरच्या एका खेपेवर तिने दोन रविवार काढले असते. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

कळलं ते हिराकाकीकडून. आई येतेय हे सांगायला मी उत्साहाने फोन केला. ती म्हणाली, "बाय, एक सांगू का? रागाव नको. वैनी आवंदा सावडीला नाय."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? पयल्या दिवशी आली चोपणं घेऊन. आमीच तिला बसवली. म्हटलं वैनी, तुमी नका चोपू. तुमच्याकडं आता खळंच नाय, आमी फेडायचं कुठं? म्हाताऱ्या माणसाची फुकट मेहनत कोण अंगावर घेल गं? सगळ्या तेच बोलल्या. मग ती कडंला बसली थोडा येळ नि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाय."

"आणि तुम्ही कोणी बोलवायला गेला नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलवू?"

यात कोणाचं चुकलं म्हणू? त्यांनी तिला मान दिला होता. दोन हात गवत जास्त कापलं म्हणून अवघडलेल्या माझ्या शेजाऱ्यासारख्याच त्याही अवघडल्या होत्या. पन्नास वर्षं आई त्या ओळीत बसली होती, बाबा गेले त्या वर्षीसुद्धा, आणि मी तीन दिवसांत तिला त्या ओळीतून उठवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. आई माझ्याकडे हौसेने येत नव्हती. तिला तिथे कोणी कामाला बोलवेना म्हणून येत होती. ती आली असती, तळघरातल्या रंगवलेल्या खोलीत बसली असती, खिडकीतून माझं लॉन बघितलं असतं आणि रविवारी कोणाला फोन करायचा हा तिला प्रश्न पडला असता.

दोन आठवड्यांची रजा टाकून गेले. कागदपत्रांसाठी येतेय असं सांगितलं. खळ्यात पाऊल टाकलं आणि माझं मेंटेनन्स-फ्री मला दिसलं. पन्हळीखालचे ब्लॉक खचले होते. पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं झालं होतं. फटीफटीतून गवत आलं होतं, आणि आई विळ्याच्या टोकाने एकेका फटीतलं गवत उकरत बसली होती. रोज सकाळी, एकटी. पूर्वी चार दिवसांत सात जणींनी उरकायचं काम तिला आता वर्षभर पुरत होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या हौशीनं केलंस, सांगू कशी?"

मी सादिकभाईंना फोन लावला आणि ब्लॉक काढून न्यायला सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "काढायला एकच दिवस लागंल ताई," म्हणाले, "कोणाच्या तरी गोठ्याला घालतो." आई मात्र भडकली. मे महिन्यापासून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "येडी झालीस का गं? घालायचं बी तूच नि काढायचं बी तूच! मला इचारलंस?"

"तेव्हा नाही विचारलं. आता विचारते. काढू का?"

 ती न्हाणीकडे बोट दाखवून म्हणाली, "तितले दोन हात ऱ्हाऊ दे. भांडी घासायला बरे पडतात. आन् पत्र्याला हात लावशील तर बघ. वांदरं वरनं घसरतात, मला लय मजा वाटते."

आळीतली चार खळी तोवर होऊन गेली होती. आमचं सोडून दोन उरली होती. हिराकाकीने निकाल दिला की आधी त्या दोन घरी आई आणि मी चोपायचं, मग सगळ्या आमच्याकडे. मी तीस वर्षांपूर्वीसारखी उकिडवी बसले. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. बायकांना तेवढाच विषय मिळाला. "कॅनडाची माती मऊ असंल गं!" "तिला मशीन द्या कोणीतरी!" आई माझ्या बाजूला होती. माझं चोपणं जिथे पडायचं तिथे ती परत एकदा ठोकायची. मला त्याचा राग आला, आणि खूप बरंही वाटलं.

आमच्या खळ्याला पाच दिवस लागले, कारण ब्लॉकखालची खडी वेचून काढायची होती आणि शेतातली नवी माती भरायची होती. त्यातलं निम्मं मी केलं असं म्हणवत नाही. माझ्या फुटक्या हातांना शेण लावू नको म्हणून शेवटच्या दिवशी मला चहाच्या कामावर बसवलं. पंधरा दिवसांत माझ्या हातून झालेलं सर्वात चांगलं काम तेच असावं.

परत आले आणि मार्चमध्ये व्हिसा आला. अर्ज केलेला होता, तो आपल्या गतीने मंजूर झाला. बाहेर बर्फ वितळत होता, लॉनच्या जागी चिखल दिसत होता, तळघरात नवा ओलावा आला होता. मी आईला फोन केला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"आई, व्हिसा आला गं. तिकीट कधीचं काढू?"

"आता?" आई म्हणाली, जणू मी तिला जेवणाच्या ताटावरून उठवतेय. "आता कशी येऊ? आमचं खळं सगळ्यांत मोटं नि उनाचं. आळीच्या पापड-फेण्या समद्या आमच्याकडंच वाळत घालायच्या ठरल्यात. वस्तू कोणाची नि राखण कोणाला, कावळे नुस्ते टपलेत. आन् ती हिरी, तिला सांगून ठेवलंय पीठ सैल भिजवू नको, ऐकंल तर शप्पत..."

ती बोलत राहिली. पत्र्याची पन्हळ एका बाजूने गळते, खळ्याच्या कोपऱ्याला कोंबड्यांनी उकरलंय, खालापूरच्या त्या साहेबाने तिला कसं दोनदा यायला लावलं. मी कागद घेतला नाही. चाळीस मिनिटं फक्त ऐकलं. मध्येच तिने "हां हां, आले गं!" अशी कोणाला तरी ओ दिली आणि माझा फोन न सांगताच ठेवला.

तळघरातली रंगवलेली खोली रिकामीच आहे. मला वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं. मुलगी विचारते, आजी कधी येणार. मी सांगते, तिला वेळ नाही. माझं घर कुठलं असं इथे कोणी विचारलं तर मी पूर्वी दोन पत्ते सांगून गोंधळ घालायचे. आता एकच सांगते. जिथून माझ्या आईला निघायला फुरसत नाही, ते माझं घर.